असेंबल्ड कॉम्प्युटर जोडताना काही तुटलं, तर भरपाई कोण देतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचा आर्किटेक्चरचा विद्यार्थी, रेंडरिंगसाठी साधारण दीड लाखाचा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन घरीच जोडणार आहे. पहिलीच वेळ आहे. प्रोसेसर बसवताना पिना वाकल्या, स्क्रूड्रायव्हर निसटून मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) ओरखडा गेला, तर पैसे कुठून मिळतील, हे त्याला विचारायचं आहे. एका वेबसाइटवर ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’चा प्लॅन दिसतोय. वडिलांच्या ओळखीचे एजंट म्हणतात, घराची पॉलिसी आहे ना, त्यात सगळं आलं. यातलं काय घ्यावं?

मी इंजिनिअरिंग विभागाचा सर्व्हेअर आहे, म्हणजे नुकसान झाल्यावर विमा कंपनीतर्फे पाहणी करून रक्कम ठरवणारा. त्याआधी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाकावर काढली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी सरळ उत्तर. ज्या तीन-चार तासांत तुम्ही भाग जोडाल, नेमक्या त्या तासांचा विमा आपल्याकडच्या किरकोळ ग्राहकाला मिळतो असं माझ्या पाहण्यात नाही. वेबसाइटवरचा प्लॅन त्यासाठी नाही आणि घराची पॉलिसी तर नाहीच नाही. जोडून झाल्यावरच्या काळासाठी मात्र चांगला विमा मिळू शकतो. आणि जोडणीच्या तासांतला धोका पॉलिसी न घेताही दुसऱ्याच्या अंगावर ठेवता येतो, फक्त बिल कसं करायचं ते कळायला हवं.

हे असं का, ते समजून घेतलंत तर एजंटच्या गोड बोलण्याला भुलणार नाही.

विमा कंपन्या यंत्राच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात, उभारणी आणि चालू वापर. साखर कारखान्याचा टर्बाइन बसवताना क्रेनवरून निसटला तर ‘इरेक्शन ऑल रिस्क्स’ ही पॉलिसी लागते. तोच टर्बाइन चाचणी होऊन चालू झाला की ती पॉलिसी संपते आणि पुढच्या बिघाडांसाठी वेगळी पॉलिसी सुरू होते. उभारताना वस्तू बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणून त्या कामाचं दरपत्रक, तपासणी, अटी सगळंच वेगळं. कारखान्याला हे परवडतं. दीड लाखाच्या कॉम्प्युटरसाठी उभारणीची पॉलिसी काढायला कोणी बसलेलं नाही. कागदपत्रांचा खर्चच हप्त्याहून मोठा व्हायचा.

कॉम्प्युटरसाठी चालू वापराची जी पॉलिसी असते तिचं नाव ‘इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट इन्शुरन्स’. धंद्यात तिला ईईआय म्हणतात. अचानक, अनपेक्षित झालेलं प्रत्यक्ष नुकसान तिच्यात येतं. हातातून पडलं, पाणी सांडलं, शॉर्ट झालं, व्होल्टेज उसळलं, हे सगळं. पण तिच्यातलं एक वाक्य तुमच्या कामाचं आहे. यंत्राची चाचणी यशस्वी झाल्यानंतरच संरक्षण सुरू होतं. त्यानंतर मात्र यंत्र चालू असो, बंद असो, सफाईसाठी किंवा ओव्हरहॉलसाठी उघडलेलं असो, किंवा त्याच जागेत इकडून तिकडे हलवत असोत, संरक्षण राहतं.

आता गंमत बघा. पहिल्या दिवशी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसवताना तुमचा स्क्रूड्रायव्हर निसटला आणि बोर्डाची ट्रेस, म्हणजे वीज वाहून नेणारी बारीक तांब्याची रेघ, कापली गेली, तर एक रुपया मिळणार नाही. सहा महिन्यांनी धूळ काढायला तोच कूलर उघडलात आणि तोच स्क्रूड्रायव्हर त्याच जागी निसटला, तर क्लेम बसतो. मधे फक्त यशस्वी चाचणीची रेघ आहे. घरगुती कॉम्प्युटरसाठी ही रेघ कुठे? ऑपरेटिंग सिस्टिम चढवून, थोडा वेळ ताण देऊन बघितलंत, तापमानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवलात, की निदान माझ्यासारख्या माणसाला दाखवायला काहीतरी असतं. पॉलिसीची सुरुवात त्या तारखेनंतरची ठेवा.

आता वेबसाइटवरच्या प्लॅनकडे येऊ. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी हे प्लॅन वाईट नसतात. पण त्यांची सगळी रचना ‘एक डबा, एक सिरियल नंबर’ या गृहीतावर उभी असते. लॅपटॉपच्या पोटाला एक नंबर असतो, तो पॉलिसीत जातो, क्लेमच्या वेळी जुळवला जातो. असेंबल्ड कॉम्प्युटरला असा नंबरच नाही. मदरबोर्डचा वेगळा, ग्राफिक्स कार्डचा वेगळा, रॅमच्या प्रत्येक पट्टीचा वेगळा. म्हणून सुट्या भागाच्या पानावर कधी प्लॅन दिसलाच, तर तो बहुधा एक्स्टेंडेड वॉरंटीचा असतो, म्हणजे कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होणारा. प्रोसेसरला तशीही तीन वर्षं असतात. चौथ्या वर्षी सुरू होणाऱ्या प्लॅनचा पहिल्या दिवशी वाकलेल्या पिनेशी काय संबंध? पैसे भरण्याआधी दोन गोष्टी शोधा: संरक्षण कोणत्या तारखेला सुरू होतं, आणि ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे का. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा सापडते.

एजंट काकांच्या घराच्या पॉलिसीबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. चांगली पॉलिसी आहे. घराचा विमा काढला की घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल अशा ठरलेल्या कारणांसाठी. पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं आहे त्यांना या पॉलिसीची किंमत मी सांगायला नको.

पण यादीत तुमचा हात नाही. टेबलावरून पडलेला, तुमच्याच चुकीनं तुटलेला भाग तिच्यात येत नाही. शिवाय विजेच्या उपकरणांसाठी एक खास अपवाद आहे. शॉर्ट सर्किट, आर्किंग, आपोआप तापणं, वीज गळणं यामुळे त्या उपकरणाचंच जे नुकसान होईल ते वगळलेलं आहे, आणि कंसात लिहिलंय की कारण आकाशातली वीज असली तरी. अपवाद त्या एका उपकरणापुरताच. म्हणजे एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) शॉर्ट होऊन आग लागली, पडदे आणि कपाट जळालं, तर पडदे-कपाटाचे पैसे मिळतील आणि एसएमपीएसचे नाही. वळवाच्या पावसात ब्रॉडबँडच्या केबलमधून झटका येऊन मदरबोर्डचा लॅन पोर्ट जातो, ही मराठवाडा-विदर्भातली नेहमीची गोष्ट. लोक ‘वीज पडणं’ हा शब्द पॉलिसीत वाचून निश्चिंत असतात आणि नकाराचं पत्र आलं की कंपनीला शिव्या घालतात. कंपनी तिथे चुकलेली नसते.

मग कंपनीची वॉरंटी? तिचा अर्थ एवढाच की कारखान्यात झालेला दोष आम्ही भरून देऊ. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘सीआयडी’ ही तीन अक्षरं ऐकाल. पोलिसांचा संबंध नाही, ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’. वाकलेली पिन, तुटलेला कपॅसिटर, जळाल्याची खूण, जाड ओरखडा, यातलं काहीही दिसलं की भाग परत.

इथे गेल्या काही वर्षांत एक बदल झालाय, तो लक्षात घ्या. प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या एएमडी आणि इंटेल. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरांना पिना खाली असायच्या, १३३१. जुना कूलर ओढताना वाळलेल्या थर्मल पेस्टला (कूलर आणि प्रोसेसरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खाचेतून, उपटून यायचा आणि पिना आडव्या व्हायच्या. दुरुस्तीच्या बाकावर ब्लेडच्या पात्यानं त्या सरळ करण्यात दुपारच्या दुपारी गेल्यात. २०२२ च्या एएम५ पासून एएमडीनंही इंटेलचा मार्ग धरला. पिना सॉकेटमध्ये गेल्या, म्हणजे मदरबोर्डवर. एएम५ मध्ये १७१८ आहेत, इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये नावाप्रमाणे १७००. या पिना केसासारख्या बारीक आणि तिरप्या असतात. त्या सरळ करणं जवळपास अशक्य. अपघातात आता प्रोसेसर सहसा वाचतो आणि बोर्ड जातो. पैशाच्या दृष्टीनं हे बहुतेकांच्या फायद्याचं झालं, कारण बोर्ड सहसा प्रोसेसरपेक्षा स्वस्त असतो.

त्या सॉकेटवर काळ्या प्लास्टिकची एक टोपी येते. प्रोसेसर बसवला की ती निघते आणि लोक कचऱ्यात टाकतात. टाकू नका. एसुसच्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की टोपी बसवलेली असेल तरच बोर्ड वॉरंटीसाठी स्वीकारला जाईल. बोर्डात खरोखर कारखान्याचा दोष असला तरी टोपीशिवाय पाठवलात तर वाटेत पिना वाकल्या की आधीच वाकलेल्या होत्या, हा वाद तुम्ही हरणार. बोर्डाच्या खोक्यात, माहितीपुस्तिकेच्या पाकिटात ती ठेवायची. आणि बोर्ड दुकानातून घेतानाच टोपी उचलून पिनांचा फोटो काढा, दुकानदारासमोर. कुरिअरनं आला असेल तर खोकं फोडण्यापासून पिना दिसेपर्यंत एकसलग व्हिडिओ. नंतर पिना वाकलेल्या दिसल्या तर तो फोटोच काय तो साक्षीदार.

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवण्याचा मुद्दा वेगळा, पण नवखे इथे न कळत अडकतात. रॅमच्या खोक्यावर जो मोठा वेग छापलेला असतो तो मिळवायला बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो किंवा एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते. एएमडीच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत एक्स्पोसुद्धा ओव्हरक्लॉकिंगमध्ये धरलेलं आहे आणि त्यानं झालेलं नुकसान वॉरंटीबाहेर म्हटलं आहे. प्रत्यक्षात कोणी विचारत नाही, हेही खरं. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच फुगून जळाल्याची प्रकरणं आली, तेव्हा कारण बोर्डांनी चढवलेलं एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं व्होल्टेज) निघालं आणि एएमडीनं ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. अशा वेळी ग्राहकाची चूक म्हणणं कोणाला शक्य झालं नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या प्रोसेसरांतही जास्त व्होल्टेजचा दोष निघाला आणि २०२४ मध्ये कंपनीनं वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. जगभर गाजलेल्या दोषांत ग्राहक सहसा वाचतो. एकट्यादुकट्याच्या हातून झालेल्या चुकीत कोणी बाजूला उभं राहत नाही.

इंटेलनं एकदा या चुकीचाही विमा विकला होता. २०१२ मध्ये ‘परफॉर्मन्स ट्यूनिंग प्रोटेक्शन प्लॅन’ आला. सुरुवातीला प्रोसेसरनुसार २० ते ३५ डॉलर भरायचे आणि ओव्हरक्लॉक करताना प्रोसेसर जळाला तर एकदा बदलून मिळायचा. १ मार्च २०२१ पासून नवे प्लॅन देणं बंद झालं. कारण दिलं की लोक आता आत्मविश्वासानं ओव्हरक्लॉक करतात, मागणी घटली. सर्व्हेअरच्या चष्म्यातून मला ती योजना फार आवडायची. धोका नेमका, वस्तू एक, भरपाई एकदाच. ब्रिटनमधल्या स्कॅन या विक्रेत्यानं तर भाग बसवताना होणाऱ्या अपघातासाठीच खरेदीबरोबर थोड्या दिवसांचं संरक्षण विकलं. म्हणजे असं उत्पादन बनू शकतं. आपल्याकडे ते दुकानदाराच्या तोंडी शब्दावर चालतं, ‘काय झालं तर आणा, बघू’.

त्या ‘बघू’ला कागदावर कसं आणायचं, हा माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग.

मालविक्री कायदा १९३० चा आहे. त्याच्या २६व्या कलमाचा सारांश असा की वेगळं काही ठरलं नसेल, तर मालाची मालकी ज्याच्याकडे, जोखीमही त्याचीच. आणि २१व्या कलमानुसार ठरलेला माल द्यायच्या अवस्थेत आणण्यासाठी विक्रेत्यानं काही करायचं ठरलं असेल, तर ते होऊन खरेदीदाराला कळवलं जाईपर्यंत मालकी सरकत नाही. आता हे दुकानात लावून बघा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या शाहूपुरीतलं दुकान, तुम्ही दोन प्रकारे खरेदी करू शकता.

पहिला प्रकार: आठ भागांचं बिल झालं, पैसे दिले, मग म्हणालात, ‘आता एवढं जोडून द्या ना.’ भाग तुमचे झाले आहेत. दुकानातल्या पोरानं कूलर तिरका आवळला आणि बोर्ड गेला, तर दुकानदार म्हणणार, भाग चांगले दिले होते, जोडणी आम्ही उपकार म्हणून केली. कायद्यानं तरीही त्याची जबाबदारी संपत नाही. करार कायदा १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यानं घ्यायची असते. पण काळजी घेतली नाही हे मांडत बसायची वेळ तुमच्यावर येते.

दुसरा प्रकार: बिलावर पहिली ओळ ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग, जोडून व चाचणी करून’. खाली भागांची नावं आणि सिरियल नंबर. आधी आगाऊ रक्कम द्यायची, अंतिम बिल मशीन चालू झालेली बघून. इथे दुकानदारानं तुम्हाला विकली ती चालती मशीन. ती चालू होऊन तुमच्या हाती येईपर्यंत वाकलेली प्रत्येक पिन त्याच्या खिशातून. जोडणीचे म्हणून तो जे काही शे-पाचशे, हजार लावेल, तो तुमचा विम्याचा हप्ता समजा. अशा अटींवर मिळणारा एवढा स्वस्त हप्ता कोणतीही कंपनी देणार नाही.

तुम्ही म्हणाल, पण मला स्वतःच्या हातानं जोडायचंय. हौस आहे ती, मान्य. मग मधला मार्ग आहे आणि बरेच दुकानदार त्याला तयार होतात. प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एम.२ एसएसडी एवढं बोर्डावर बसवून, खोक्यावर ठेवूनच चालू करून दाखवायला सांगा. मगच ताब्यात घ्या. जिथे पिना वाकतात तो भाग दुकानात उरकतो. कॅबिनेटमध्ये बसवणं, केबल ओढणं, पंखे लावणं, खरी मजा त्यातच आहे, ते घरी करा. ऑनलाइन घेतलेले भाग घेऊन दुकानात गेलात तर मात्र ‘रिस्क तुमची’ हे आधीच ऐकवलं जाईल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पाचशे-हजार वाचवायला चार वेबसाइटींवरून आठ भाग मागवणाऱ्यांना हे कळत नाही की त्यांनी जबाबदारीचेही आठ तुकडे केले. बोर्ड चालत नाही म्हटल्यावर बोर्डवाला रॅमवर ढकलतो, रॅमवाला बोर्डावर.

आता मशीन चालू झाल्यानंतरच्या पॉलिसीबद्दल. ईईआय मुख्यतः धंद्यासाठी विकली जाते. पुढे फ्रीलान्स रेंडरिंग करणार असाल तर ती मागा. नसेल तर ‘हाउसहोल्डर्स’ नावाच्या पॅकेज पॉलिसीत घरगुती उपकरणांच्या बिघाडाचा आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा वेगळा विभाग असतो. तो आपोआप येत नाही, निवडून घ्यावा लागतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्यांच्या शाखेत जाऊन विचारलंत तर समोर बसून कोणीतरी समजावतं. छोट्या पॉलिसीला खासगी कॉल सेंटरपेक्षा मला तो रस्ता बरा वाटतो.

घेताना तीन ठिकाणी लोक मार खातात.

एक, विमा रक्कम. ती तुम्ही किती पैसे दिलेत यावर ठरत नाही. आज तीच मशीन नवी घ्यायला किती लागतील, ती रक्कम लिहायची. दीड लाखाची मशीन एक लाखाला उतरवलीत आणि ३० हजारांचं नुकसान झालं, तर हातात २० हजार, त्यातून वजावट (प्रत्येक क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा ठरलेला वाटा) वेगळी. कमी विमा काढला त्या प्रमाणात प्रत्येक क्लेम कापला जातो. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती ज्या वेगानं चढल्या त्यात कितीतरी जणांच्या पॉलिस्या त्यांच्या नकळत अपुऱ्या झाल्या. नूतनीकरणाच्या वेळी बाजारभाव बघूनच आकडा भरा.

दोन, यादी कशी द्यायची. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. ईईआयमध्ये दुरुस्त होण्यासारखं नुकसान असेल तर बदललेल्या भागावर घसारा (वापरानं घटलेली किंमत) कापत नाहीत, फक्त जुन्या भागाची भंगार किंमत वजा होते. वस्तू पूर्ण गेली असेल तर मात्र त्या दिवशीची तिची किंमत, म्हणजे घसारा कापून. आता ग्राफिक्स कार्ड पॉलिसीत स्वतंत्र वस्तू म्हणून, स्वतंत्र किमतीला लिहिलं असेल आणि ते जळालं, तर एक वस्तू पूर्ण गेली. तीन वर्षं जुन्या कार्डाचा घसारा म्हणजे निम्म्याच्या आसपास पाणी सोडायचं. तेच ‘कॉम्प्युटर १ नग’ अशी एक वस्तू लिहिली असेल, तर कार्ड हा तिचा एक भाग आणि ते बदलणं ही दुरुस्ती. म्हणून सिरियल नंबर सगळे द्या, पण वर्णनाच्या ओळीत. रकमेचा आकडा एकच. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या बिलाचा इथेही उपयोग होतो तो असा.

तीन, जागा. पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते. सुट्टीत मशीन कोल्हापूरला, सत्र सुरू झालं की पुण्याच्या खोलीवर, असं करणार असाल तर दोन्ही पत्ते लिहून घ्या, आणि प्रवासाचं संरक्षण वेगळं मागा. ‘त्याच जागेत हलवताना’ यात कोल्हापूर-पुणे एसटी येत नाही. प्रवासात ग्राफिक्स कार्ड आणि मोठा टॉवर कूलर काढून वेगळे न्यायचे. दोन किलोचं कार्ड एका खाचेत लटकत कात्रजपर्यंत खड्डे खात आलं, तर बोर्डाची खाच फाटते. कुरिअरनं पाठवणार असाल तर पावतीच्या मागे त्यांची जबाबदारी किती रुपयांपुरती आहे ते वाचा. वाचल्यावर बहुधा स्वतःच घेऊन जाल.

ईईआयमध्ये काही गोष्टी कशाही येत नाहीत: झीज, नुसते ओरखडे, आधीपासून असलेला दोष, ज्याची जबाबदारी उत्पादकाची आहे ते, आणि जाणूनबुजून किंवा अक्षम्य निष्काळजीपणानं केलेलं नुकसान. हार्ड डिस्कवरचा डेटा मूळ विभागात येत नाही. प्रबंधाचं काम गेलं तर त्याची किंमत कोणीच देणार नाही.

क्लेमची वेळ आलीच तर पहिलं काम: काहीही फेकू नका, काहीही दुरुस्त करू नका, त्याच दिवशी लेखी कळवा. मग भाग सर्व्हिस सेंटरला द्या आणि त्यांचं मत लेखी घ्या. लोक ‘सीआयडी’ शिक्का बघून काउंटरवर भांडत बसतात. भांडू नका, तो कागद मागून घ्या. कारखान्याचा दोष असेल तर विमा कंपनी म्हणणार कंपनीकडे जा. दोष नसून बाहेरून झालेलं नुकसान आहे, असं कंपनीच लिहून देत असेल, तर तोच अपघाताचा पुरावा. एक दार बंद करणारं पत्र दुसऱ्या दारात चालतं, अर्थात दुसऱ्या दाराची पॉलिसी असेल तर.

आणि खरं सांगा. ‘काही केलं नाही, आपोआप बंद पडली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की आधी भिंग काढतो. स्क्रूड्रायव्हर निसटल्याची रेघ सरळ असते, टोकाला खोल होते. सॉकेटच्या पिनांवर थर्मल पेस्टचा अंश असेल तर प्रोसेसर काढून पुन्हा बसवलेला असतो. पाण्याच्या थेंबाची कड पांढरी राहते. ईईआयमध्ये साधी चूक भरून मिळते, ती चूक कबूल करायला काहीच हरकत नसते. खोटं सापडलं तर मात्र सगळाच क्लेम जातो, खरा भागसुद्धा. नकार अन्यायाचा वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. दुकानदाराशी वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी, नुकसान खरं कशानं होतं ते थोडं. लोक घाबरतात स्थिर विजेला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिचा त्रास नगण्य. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि कुठल्याही सिंथेटिक गालिच्यावर थोडा विचार करावा. एसएमपीएसच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावला की भागतं, पण घरच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. तीन भोकं म्हणजे अर्थिंग नव्हे.

माझ्या समोर आलेली महाग नुकसानं वेगळ्याच कारणांची आहेत. मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबली. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्या, दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावतात. बसतात, कारण प्लग सारखा दिसतो. पण एसएमपीएसच्या बाजूच्या तारांचा क्रम प्रमाणित नाही, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असतो. पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात गेल्या. यात डेटाही जातो. कॅबिनेटबदल केला तरी एसएमपीएस आणि त्याच्या केबली एकत्रच राहू द्या.

दुसरं, काचेची बाजू. टफन्ड काच कॅबिनेटची असते आणि खाली आपली व्हिट्रिफाइड टाइल. काच काढून हलकेच टाइलवर कडेवर टेकवली की तिचा चुरा होतो, धक्का न लागतासुद्धा, कारण टाइल काचेपेक्षा कठीण असते. काच पलंगावर ठेवा. तिची वॉरंटी कोणी देत नाही आणि एकटी काच विकत मिळणं दुरापास्त.

मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा सोळा पिनांचा प्लगही पूर्ण आत गेलाय का ते डोळ्यांनी बघा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाचे प्लग वितळल्याचे फोटो आले, ते बनवणाऱ्या एनव्हिडियानं अर्धवट बसलेल्या प्लगकडे बोट दाखवलं आणि तरी कार्डं वॉरंटीत घेतली. पुढे पिनांची लांबी बदलून सुधारित प्लग आला. तुमच्या बजेटच्या कार्डाला कदाचित हा प्लग नसेलच.

एक राहिलं, बिल कोणाच्या नावावर करायचं. तुम्ही पैसे वडिलांच्या खात्यातून देणार, मशीन वापरणार तुम्ही आणि हाउसहोल्डर्स पॉलिसी वडिलांच्या नावावर, तर बिल वडिलांच्या नावावर घ्या. घरातल्या माणसाची वस्तू म्हणून ती पॉलिसीत सहज बसते. पण जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून काकांच्या फर्मच्या नावावर बिल फाडायचा मोह कोणी दाखवला तर नाही म्हणा. फर्मच्या नावावरची मशीन म्हणजे धंद्याची वस्तू, आणि ती घरगुती पॉलिसीत दाखवलेली असली तरी क्लेमच्या फाइलमध्ये ते बिल पहिल्या पानावरच असतं.